वाचकांचे प्रश्न : तांब्याभर पाण्याचा बाप्तिस्मा

बाई, सा. न. वि. वि. आम्ही खानापूर तालुक्यातले, घरात पिढ्यांची वारी. मागच्या महिन्यात शेजारणीच्या नातवाचा बाप्तिस्मा झाला, आम्हालाही बोलावणं होतं. पाद्रीबाबांनी बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं, नाव घेतलं, मग जेवणं झाली. मला ते बारशासारखंच वाटलं. पण शेजारणीचा पुतण्या सगळ्यांसमोर म्हणाला, "हा खरा बाप्तिस्माच नव्हे. खरा तो मोठेपणी, नदीत पूर्ण बुडून." त्यावरून त्यांच्या घरात दोन तट पडलेत. येशूनंतरच्या पहिल्या लोकांत हा विधी कसा होता आणि ते त्याचा अर्थ काय धरत होते? हे बारसं, की आपल्यासारखं शुद्धीचं स्नान?
— एक वाचक भगिनी

ताई, त्या पुतण्याचं वाक्य मी पूर्वी ऐकलेलं आहे. ज्या बाईला ते ऐकून घ्यावं लागलं तिच्या उशाशी मी बसले होते, म्हणून आधी तिची हकिकत.

आमचं घर वडगावातलं, विणकराचं. घरातला पहिला बाप्तिस्मा माझ्या थोरल्या आत्याचा. ती बैलहोंगलच्या बाजूला, मलप्रभेकाठच्या गावात दिलेली. १९७३ चा उन्हाळा, दुष्काळ अजून सरलेला नव्हता. नदीच्या पात्रात खडक उघडे पडले होते आणि मधे मधे डबकी. आत्या महिनाभर तापानं अंथरुणाला खिळलेली. तिचा निर्णय आधीच झालेला होता, फक्त पावसाची वाट बघायची असं ठरलं होतं. ताप उतरेना, तेव्हा पास्टर घरीच आले. दोन मैलांवरून आणलेल्या घागरीतलं पाणी तांब्यात घेतलं, तिची मान हातावर धरली आणि तीनदा डोक्यावर ओतलं. त्यांनी कन्नडात विचारलं, आत्यानं मराठीत उत्तरं दिली. खाली धरलेल्या परातीत ते पाणी जमा झालं, ते तिच्या जावेनं दारातल्या तुळशीला घातलं. मी वीस-एकवीसची होते, परात माझ्याच हातात होती.

आत्या बरी झाली, आणखी बरीच वर्षं जगली. पण दहाएक वर्षांनी एक फिरते उपदेशक गावात आले आणि त्यांनी तिला सांगितलं की तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही, बुडवल्याशिवाय तो लागू होत नाही. ती शिकलेली नव्हती. तिनं वाद घातला नाही. मी भेटायला गेले तेव्हा एवढंच विचारलं, "पोरी, माझं पाणी कमी पडलं काय गं?" मी शाळेत शिकवत होते, लोक मला बाई म्हणत होते, आणि मला उत्तर देता आलं नाही. पुढं जे वाचलं ते त्या प्रश्नापायी वाचलं. तुम्हाला देते ते उत्तर तिला द्यायचं राहून गेलेलं आहे.

पुतण्याच्या बाजूनं जे खरं आहे ते आधी देते. शब्द ग्रीक आहे, मराठीनं तो तसाच उचलला. आमच्या शेजारची कन्नड मंडळी 'दीक्षास्नान' म्हणतात, कॅथलिक मराठीत 'स्नानसंस्कार' म्हणतात. ग्रीकमध्ये 'बाप्टो' म्हणजे बुडवणं, रंगात बुडवून रंगवणं. त्यावरून 'बाप्टिझो', पुरतं बुडवणं. जहाज बुडालं तरी हाच शब्द. आपण कर्जात बुडाला म्हणतो ना, तसं ग्रीक लोकही त्याच शब्दानं म्हणत. रंगाचा अर्थ मला फार जवळचा वाटतो. आमच्या परसात रंगाचा हौद होता. पांढऱ्या सुताची लड आजोबा दोन काठ्यांवर घेऊन हौदात सोडायचे, दाबून धरायचे, उलटायचे, पुन्हा दाबायचे. वर काढलेली लड पिळून दोरीवर टाकली की खाली फरशीवर ठिबकत राहायची. तीच लड, तेच सूत, पण आता ती जांभळ्या लुगड्याचीच. परत पांढऱ्यात जायची नाही. या विधीत पहिल्या लोकांना बुडणं दिसत होतं, यात शंका नाही. येशूच्या आधीपासून उपदेश करणारा योहान यार्देन नदीत उभा राहून लोकांना बुडवत होता, येशूही त्याच नदीत उतरला. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात फिलिप्प हा उपदेशक आणि तो कूशी अधिकारी रथातून उतरून दोघेही पाण्यात जातात. पूर्ण स्नान ही नेहमीची रीत होती.

आता शुद्धीचं स्नान म्हणाल, तर यहुदी लोकांत ते होतंच. जेरुसलेमच्या परिसरात पायऱ्या असलेले, खडकात खोदलेले स्नानकुंड शेकड्यांनी सापडलेत. विटाळ झाला, उतरा. मंदिरात जायचं, उतरा. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या पंथातही स्नानाला मोठा मान होता. पण ते स्नान पुन्हा पुन्हा करायचं. योहान जे करत होता ते पश्चात्तापाचं, वागणं बदलण्याचं होतं. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस योहानाबद्दल लिहितो की मन आधी सदाचारानं शुद्ध झालेलं असावं, मग हे स्नान शरीराला. ख्रिस्ती मंडळीनं हे स्नान उचललं आणि एकदाच केलं. तुमच्या घरी वारी आहे म्हणून सांगते: बाप्तिस्मा आंघोळीपेक्षा माळ घालण्याच्या जवळचा आहे. माळ रोज नव्यानं कुणी घालत नाही. एकदा गळ्यात पडली की खाणं-पिणं, एकादशी, वाट, सगळं तिच्यामागून येतं.

पण माळेच्याही पलीकडं एक गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळं मर्म तिथं आहे. प्रेषित पौल रोमच्या मंडळीला लिहितो की आपण ख्रिस्ताबरोबर बाप्तिस्म्यात पुरले गेलो. पुरले गेलो! धुतले गेलो हेही तो इतरत्र म्हणतो, पण इथं पाणी म्हणजे कबर. पाण्याखाली गेला तो मेला, वर आला तो ख्रिस्ताबरोबर उठला. स्वतः येशूही आपल्या येणाऱ्या मरणालाच 'बाप्तिस्मा' म्हणाला होता. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये नव्यानं बाप्तिस्मा घेतलेल्यांपुढं जी प्रवचनं झाली, सिरिल या बिशपांच्या नावानं ती ओळखली जातात, त्यांत एक वाक्य असं आहे की ते पाणी तुमची कबरही झालं आणि तुमची आईही. एकाच वाक्यात कबर आणि आई. मी अनेक वर्षं मराठी शिकवली, पण एवढ्या थोड्या शब्दांत एवढं मोठं क्वचित वाचलं.

त्यांची रीत बघितली की हे जास्त कळतं. तिसऱ्या-चौथ्या शतकांतल्या वर्णनांवरून सांगते, गावोगाव थोडा फरक असायचाच. तयारीला वर्षं लागत. पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आदल्या रात्री जागरण. मग बाप्तिस्मा घेणारा पश्चिमेला, अंधाराच्या दिशेला तोंड करून सैतानाला नाकारायचा आणि पूर्वेला वळून विश्वास कबूल करायचा. कपडे उतरवायचे, बायकांनी केस मोकळे करून दागिनेही काढायचे, काहीएक बरोबर न्यायचं नाही. पाण्यात उभं राहून तीन प्रश्न, तीन उत्तरं, तीन बुड्या. बाहेर आल्यावर तेल, पांढरं वस्त्र. आणि मग लगेच, त्याच रात्री, सगळ्यांबरोबर प्रभूभोजनाची पंगत. त्या पंगतीत पहिल्यांदा बसणाऱ्याला दूध आणि मध देत. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन साधारण सन २०० च्या सुमाराला हे सांगतो आणि पुढं म्हणतो, त्या दिवसापासून आठवडाभर आम्ही रोजची आंघोळ करत नाही. ते पाणी अंगावर राहू द्यायचं! आपल्याकडं नुकत्याच जन्मलेल्या बाळाला मध चाटवतात. चाळीस वर्षांचा दाढीवाला मालक आणि त्याचा गुलाम, दोघं ओल्या केसांनी शेजारी शेजारी उभे, दोघांच्या ओठांना मध. 'दास नाही की स्वतंत्र नाही' हे पौलाचं वाक्य गलतीकरांच्या पत्रात बाप्तिस्म्याच्याच ओळीला लागून येतं. त्याचा अर्थ मला या मधापाशी लागला.

म्हणून बारसं म्हणू नका. बाळाला नाव देणं हा या विधीचा मूळ भागच नव्हता. बाळांना देत होते का? देत होते, पण सगळ्यांना ते पटत नव्हतं. कृत्यांच्या पुस्तकात लुदिया आणि फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी यांच्या सगळ्या घराचा बाप्तिस्मा होतो, पण त्या घरांत तान्ही मुलं होती की नाही ते लिहिलेलं नाही. तर्तुलियन म्हणतो, लहानग्यांची घाई कशाला, कळू द्या त्यांना. तो विरोध करतो त्या अर्थी लोक आणत होते. पन्नास वर्षांनी त्याच कार्थेजमध्ये तिथला बिशप सिप्रियन आणि सहासष्ट बिशप एकत्र बसून ठरवतात की बाळासाठी आठव्या दिवसापर्यंतही थांबायची गरज नाही. तेव्हा ताई, तुमच्या शेजारणीच्या घरातले दोन्ही तट फार जुने आहेत. दोघांच्याही पाठीशी माणसं आहेत.

आता पाणी. 'डिडाखे' म्हणून एक लहानसं पुस्तक आहे, बारा प्रेषितांची शिकवण. बहुतेक अभ्यासक ते पहिल्या शतकाच्या अखेरचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं धरतात. शेकडो वर्षं हरवलेलं होतं, १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या एका ग्रंथालयात हाती लागलं आणि दहा वर्षांनी छापलं गेलं. त्याच्या सातव्या प्रकरणात बाप्तिस्मा कसा द्यावा ते सांगितलंय. जिवंत पाण्यात द्या. म्हणजे वाहत्या. आपण विहिरीला जिवंत झरा आहे म्हणतो, अगदी तसंच. जिवंत पाणी नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड नसेल तर कोमट. आणि दोन्ही पुरेसं नसेल तर पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं डोक्यावर तीनदा पाणी ओता.

तीनदा. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. मलप्रभेचं कोरडं पात्र, ती परात, तो तांब्या, हे सगळं त्यात होतं.

आत्याला जे ऐकावं लागलं तेही नवं नव्हतं. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा मोठा विद्वान माणूस होता. आजारपणात, मरणाच्या दारात असताना अंथरुणावरच त्याच्यावर पाणी ओतलं होतं. पुढं त्याला मंडळीत अधिकारपद द्यायची वेळ आली तेव्हा लोकांनी हरकत घेतली, अंथरुणावरच्या बाप्तिस्म्याचा माणूस नको. तशा लोकांना एक टोपणनावही होतं, त्याचा अर्थ 'खाटेवरचे'. या टोमण्यावर सिप्रियनला कुणीतरी प्रश्न विचारला आणि त्यानं पत्रातून उत्तर दिलं, ते पत्र आपल्यापर्यंत आलंय. तो म्हणतो, अंगाचा मळ काढायला टब लागतो, साबणासारखा खार लागतो. हा मळ तसा नाही. ज्याला शिंपडून मिळालं त्याला देवानं कमी दिलं असं होत नाही, आणि विश्वास ठेवणाऱ्याला खाटेवरचा म्हणू नका, ख्रिस्ती म्हणा.

हे पत्र १९८३-८४ साली माझ्याजवळ असतं तर मी एस.टी. पकडून तेवढ्यासाठी गेले असते.

तेव्हा ताई, नदीत बुडून घेणाऱ्यानं आनंदानं घ्यावा, ते चित्र पुरतं आहे आणि जुनं आहे. पण रोमच्या कॅलिस्टसच्या भूमिगत दफनघरातल्या तिसऱ्या शतकातल्या चित्रात बाप्तिस्मा घेणारा घोट्याएवढ्या पाण्यात उभा आहे आणि देणाऱ्याचा हात त्याच्या डोक्यावर आहे. ज्यांच्यासाठी ही गोष्ट जिवावरची होती, पकडले गेले तर वाघ-सिंहांपुढं जायचं होतं, त्यांनी पाणी मापलं नाही. पुतण्याला रागावू नका, त्याला नदी प्रिय आहे. फक्त एवढं सांगा की बाळाच्या आजीसमोर, भरल्या घरात, ते वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

बाई, मी निपाणीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इतिहासाच्या वर्गात सर म्हणाले की रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं मरताना बाप्तिस्मा घेतला, कारण त्यानं सगळी पापं धुतली जातात. मग काय, आयुष्यभर हवं ते करा आणि शेवटी धुऊन टाका! खरंच असं मानत होते?
— एक विद्यार्थी

तुझ्या सरांनी सांगितलं ते खरं आहे. ३३७ साली निकोमिडियाजवळ, मरणाच्या थोडे दिवस आधी त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि मग राजाची जांभळी वस्त्रं परत अंगाला लावली नाहीत, पांढऱ्यातच गेला. पुढं ढकलणारा तो एकटा नव्हता. चौथ्या शतकात चांगल्या घरांतही ही चाल होती. पुढं मोठा बिशप आणि लेखक झालेला ऑगस्टिन लहानपणी पोटदुखीनं मरायला टेकला तेव्हा आईनं तयारी केली, आणि दुखणं थांबल्यावर ती तशीच ठेवून दिली. हेतू हाच की अजून तरुणपण जायचंय, पापं होतीलच. मोठेपणी तो स्वतः यावर चिडून लिहितो: शरीराच्या बाबतीत कुणी म्हणतं का, 'करू दे अजून जखमा, बरा कुठं झालाय?' त्या काळचे नामांकित उपदेशकही या ढकलाढकलीवर तुटून पडलेले दिसतात.

पण तुझ्या 'हवं ते करा'मागं एक गोष्ट निसटते. लोक ढकलत होते ते बाप्तिस्मा सोपा वाटतो म्हणून नाही. तो जड वाटत होता. त्यानंतर मोठं पाप घडलं तर परतीची वाट फार अरुंद होती, म्हणून भीती होती. तर्तुलियन म्हणतो, ज्यांना या गोष्टीचं वजन कळतं ते उशिरापेक्षा ती घेण्यालाच जास्त भितील. आधी तीन वर्षं शिकायचं, असं एक जुनं नियमपुस्तक सांगतं, आणि धंदा तपासायचा. आखाड्यात माणसं मारणारा असशील तर सोड. मूर्ती घडवणारा असशील तर सोड. मुलांना शिकवणाऱ्या मास्तरानंही सोडलेलं बरं, कारण त्याला देवादिकांच्या कथा शिकवाव्या लागत. पण दुसरं काही येत नसेल तर राहू द्या. हे शेवटचं वाचून मी बराच वेळ थांबले. एवढं बारीक बघत होते.

आणि ऑगस्टिनचीच दुसरी गोष्ट तुला सांगते, तू तरुण आहेस म्हणून. त्याचा एक जिवलग मित्र तापानं बेशुद्ध पडला होता, तशातच घरच्यांनी त्याला बाप्तिस्मा दिला. शुद्धीवर आल्यावर ऑगस्टिन त्याच्यापाशी त्या गोष्टीची चेष्टा करायला लागला. त्याला वाटलं, तोही हसेल. मित्रानं शत्रूकडं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं आणि बजावलं, माझा मित्र राहायचं असेल तर असं बोलू नकोस. काही दिवसांत ताप उलटला आणि मित्र गेला. ऑगस्टिनला ती नजर विसरता आली नाही. ३८७ साली मिलानमध्ये, पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री, बिशप अँब्रोजच्या हातून तो पाण्यात उतरला तेव्हा तेहतिशीला आलेला होता, आणि बरोबर त्याचा किशोरवयीन मुलगा होता. ते अष्टकोनी कुंड ज्या वास्तूत होतं तिचे अवशेष मिलानच्या मोठ्या कथीड्रलखाली आजही बघता येतात.

बाप्तिस्मा म्हणजे जुनं नाव टाकायचं, हे खरं का? आमच्या टिळकवाडीत एका घरात यावरून नातं तुटलं.
— एक ज्येष्ठ वाचक

मराठी कानाला 'बाप्तिस्मा' म्हटलं की तुटणं आधी ऐकू येतं, त्यालाही कारण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंवर काय गुदरलं ते मराठी वाचकाला पाठ आहे. पण नाव टिळकांचं तेच राहिलं, नारायण.

पहिल्या मंडळीतही तसंच होतं. रोमकरांच्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल कुणाची शिफारस करतो, एकेकाला नमस्कार सांगतो. त्यात फीबी आहे, चंद्रदेवतेचं नाव. हर्मेस आहे, तो तर ग्रीकांचा देवच. नीरियस आहे, समुद्रदेव. इतरत्र अपुल्लोस आहे, अपोलोवरून आलेला. ही सगळी बाप्तिस्मा घेतलेली माणसं, फीबीला पौल आपली बहीण म्हणतो, आणि कुणी त्यांना नाव बदला म्हणाल्याचं दिसत नाही. संतांची नावं ठेवायची चाल पुढं हळूहळू आली. ज्यांनी घेतली त्यांनी प्रेमानं घेतली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझ्या आत्याचं नाव सौंदत्तीच्या डोंगरावरच्या देवीचं होतं. पास्टरांनी तांब्या उचलला तेव्हा त्याच नावानं तिला हाक मारली, आणि मंडळीच्या वहीत १९७३ च्या पानावर ते तसंच लिहिलेलं आहे.